वायकिंगांच्या किनाऱ्यावर चाकणचा फिटर

चाकण औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही कँटीनमध्ये रात्रपाळीच्या चहाला चारजण जमले, की एक प्रश्न कधी ना कधी निघतोच. आपण आत्ता आहोत तसेच, डोक्यातल्या सगळ्या माहितीसकट, साडेतीनशे वर्षे मागे गेलो तर? प्रश्न चाकणला शोभणारा आहे. वसाहतीपासून थोड्याच अंतरावर संग्रामदुर्ग आहे. १६६० साली शाहिस्तेखानाच्या वेढ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट सुमारे ५६ दिवस झुंजवला आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यावर तो पडला. "मी तिथे असतो तर फिरंगोजींना मशीनगन करून दिली असती," असे एखादा सीएनसी ऑपरेटर म्हणतो. दुसरा वीज तयार करायला निघतो, तिसरा पेनिसिलिन. चहा संपतो, भोंगा होतो आणि सगळे आपापल्या मशीनवर जातात.

माझे नोकरीचे आयुष्य भोसरीतल्या एका टूलरूममध्ये फिटर म्हणून गेले. हा प्रश्न मी तिथे शेकडो वेळा ऐकला आणि प्रत्येक वेळी हसण्यावारी नेला. पुढे वाचनाचा नाद लागल्यावर लक्षात आले, की त्याचे उत्तर शोधता येते. काही उत्तर कथाकारांनी दिले आहे, काही इतिहासाने, आणि एक महत्त्वाचा भाग आपल्या पिंपरीत घडला आहे.

आइसलंडचा पाहुणा

काळप्रवासाची कथा म्हटली की मराठी वाचकाला डॉ. जयंत नारळीकरांचे 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवते. त्यातले प्राध्यापक गंगाधरपंत इतिहासाच्या वेगळ्याच वाटेवर पोहोचतात. तिथे विश्वासरावांना लागायची गोळी लागत नाही, आणि मराठे पानिपत जिंकतात. परंतु गंगाधरपंत इतिहासकार. त्यांना तिथे काही वाचायचे होते, पाहायचे होते. हाताने काही बनवून दाखवायचे नव्हते.

बनवून दाखवायची वेळ आली तर काय होते, हे अमेरिकी लेखक पोल अँडरसन यांनी १९५६ साली 'द मॅन हू केम अर्ली' या कथेत दाखवले. नायक आइसलंडमध्ये नेमणुकीवर असलेला अमेरिकी सैनिक. त्याला अभियांत्रिकीचे शिक्षण आहे. एका वादळात तो सुमारे हजार वर्षे मागे, वायकिंग शेतकरी-खलाशांच्या वस्तीत जाऊन पडतो. कथा सांगतो त्याचा यजमान, ऑस्पाक नावाचा एक समंजस शेतकरी. हीच या कथेची खुबी. आपल्या काळाचा माणूस आपल्याला बाहेरून, दुसऱ्याच्या नजरेने दिसतो.

पाहुणा खोटे बोलत नाही. त्याच्या देशात काय काय यंत्रे आहेत हे तो खरेच सांगतो. पण लोहारशाळेत उभा केला तर साधे काम त्याच्या हातून बिघडते. जहाजाचा नवा आराखडा सुचवतो, तर यजमान शांतपणे एकेक अडचण मोजून दाखवतो. त्याच्याजवळची एकच गोष्ट चालते, ती म्हणजे पिस्तूल. आणि तेही गोळ्या आहेत तोवर. शेवटी भांडणातून वैर उभे राहते, गोळ्या संपतात आणि तो मारला जातो. आजूबाजूचे लोक अडाणी होते म्हणून त्याचे हाल झाले, असे कथा वाचून वाटत नाही. त्या गावात अडाणी तोच होता.

यजमानाचे म्हणणे बरोबर का होते?

वायकिंग जहाज पाहून आजच्या इंजिनिअरला पहिल्यांदा त्यातल्या उणिवाच दिसतील. म्हणून ते जहाज कसे बांधत, हे थोडे सविस्तर पाहू.

फळ्यांसाठी ते करवत वापरत नसत. ओकचे खोड पाचर ठोकून उभे चिरत, मोसंबीच्या फोडी काढाव्यात तसे मध्यापासून बाहेर, आणि मग कुऱ्हाडीने तासत. करवत सरळ रेषेत जाते. लाकडाचा रेषा कुठे वळतो याची तिला पर्वा नसते. पाचर मात्र रेषा धरूनच फाट काढते. त्यामुळे फळीतला एकही धागा मधे तुटत नाही आणि बोटभर जाडीची फळीसुद्धा चिवट राहते. अशा फळ्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवून लोखंडी खिळ्यांनी जोडत. खिळ्याचे टोक आतल्या बाजूने छोट्या चकतीवर ठोकून पसरवत. फटीत डांबरात भिजवलेली लोकर. शीडही लोकरीचेच, आणि ते कातण्या-विणण्यात घरच्या बायकांचे हजारो तास जात.

१८८० साली नॉर्वेत गोकस्टाड इथे नवव्या शतकाच्या अखेरीचे असे एक जहाज दफनाच्या टेकाडात सापडले. त्याची हुबेहूब प्रत बांधून कप्तान माग्नुस अँडरसन १८९३ साली अटलांटिक ओलांडून शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला गेला. त्याच वर्षी त्याच शहरात स्वामी विवेकानंदांचे भाषण गाजले, हे आपल्याला ठाऊक असते. हे जहाज मात्र ठाऊक नसते. बर्गन ते न्यूफाउंडलंड हे अंतर त्याने २८ दिवसांत तोडले. वाटेत कप्तानाने टिपून ठेवले, की मोठ्या लाटांवर जहाजाचा काठ सरळ रेषेपासून सहा इंचांपर्यंत पिळवटतो, तळ वरखाली होतो, तरीही पाणी आत येत नाही.

आमच्या टूलरूममध्ये कुठल्याही सांगाड्याला सहा इंचांचा पीळ पडला असता तर तो सरळ भंगारात गेला असता. चाकणचा फिटर तिथे गेला तर पहिली सूचना हीच करील, की आतून आडवे टेकू द्या, जहाज ताठ करा. वायकिंग सुतार ऐकून घेईल आणि मान हलवील. ताठ केले की वजन वाढले, वजन वाढले की जहाज खोल बसले. आणि लाटेबरोबर न वाकणारी पातळ फळी खिळ्याच्या भोकापाशी तडकणार. दुसरी सूचना असेल खोल कण्याची, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध चांगले जाता येईल. पण खोल कण्याचे जहाज वाळूवर ओढता येत नाही. त्याला बंदर लागते, धक्का लागतो. वायकिंगांची ताकद तर नेमकी यात होती, की गुडघाभर पाण्याच्या नदीतही त्यांचे जहाज शिरत असे.

हे गणित कोकणालाही ठाऊक होते. मराठा आरमाराची गुराबे आणि गलबते उथळ बुडाची असत. खाडीत ती जिथवर जात, तिथवर त्यांच्यामागे युरोपीय लढाऊ जहाजांना येता येत नसे. आराखडा जहाजापाशी संपत नाही. किनारा, लाकूड, वारा, मनुष्यबळ आणि शत्रू हे सगळे त्याचेच भाग असतात.

डोक्यात मावणारे ज्ञान

मग काळप्रवासात काहीच नेता येत नाही का? येते. माझ्याच धंद्यातले एक उदाहरण देतो.

संपूर्ण सपाट पृष्ठभाग पहिल्यांदा कसा तयार करायचा? सपाटपणा तपासायला आधीचा सपाट पृष्ठभाग लागतो. मग पहिला कुठून आला? जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने १८४० मध्ये याची रीत जाहीर निबंधात मांडली. ओतीव लोखंडाचे तीन पाट घ्यायचे. पहिला दुसऱ्यावर टेकवून बघायचा, रंग लावून उंचवटे शोधायचे आणि ते खरवडायचे. मग दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर. दोनच पाट असतील तर एक खोलगट आणि एक फुगीर होऊनही ते एकमेकांवर तंतोतंत बसतील आणि आपण फसू. तीन पाट मात्र आळीपाळीने एकमेकांशी जुळायचे असतील, तर तिघेही सपाट असल्याखेरीज मार्ग नाही. या रीतीला आधीचे कोणतेही मापन-यंत्र लागत नाही. चाकणचा फिटर ती हजार वर्षांपूर्वीच्या आइसलंडमध्येही, लोखंडाऐवजी दगड घासून, करून दाखवू शकेल.

यजमान पाट हातात घेईल, उलटासुलटा करील आणि विचारील, याचे करायचे काय? सपाट पाट लागतो लेथचा बेड करायला. लेथला अचूक आटे असलेला स्क्रू लागतो. स्क्रूला चांगले पोलाद, पोलादाला भट्टी, भट्टीला कोळसा. आइसलंडमध्ये दलदलीतल्या खनिजापासून थोडेफार लोखंड निघत असे, पण कोळशासाठी बर्चची खुरटी झाडे तोडता तोडता तिथले रानच ओसरत गेले. एका पाटामागे इतकी लांब रांग उभी आहे. रांगेतला एकच माणूस त्या किनाऱ्यावर पोहोचला आहे.

काही ज्ञानाला रांगही लागत नाही. पाणी उकळून प्या, बाळंतिणीला हात लावण्याआधी हात धुवा. पण त्याला दुसरेच काही लागते. व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ साली आपल्या प्रसूती विभागात क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरी त्याच्या हयातीत बहुतेक सहव्यवसायिकांनी त्याचे मानले नाही. तो त्याच शहरातला, त्याच भाषेतला, त्याच पेशातला माणूस. मग वादळातून आलेल्या, विचित्र कपड्यांतल्या परक्याचे कोण ऐकणार?

पिंपरीचा धडा

कँटीनमधल्या तिसऱ्या गड्याचे पेनिसिलिन राहिलेच. ते नेण्याचे स्वप्न सगळ्यांत लाडके, कारण ते सोपे वाटते. पावावरची बुरशी, बस्स!

अलेक्झांडर फ्लेमिंगला बुरशीचा गुण १९२८ साली लंडनमध्ये दिसला. म्हणजे 'माहिती' त्या दिवसापासून जगात होती. औषध मात्र नव्हते. ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी ते वेगळे काढले, आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये एका पोलिसाला टोचले. तो सुधारू लागला. साठा इतका थोडा, की त्याच्या लघवीतून औषध परत काढून त्यालाच देत. साठा संपला आणि मार्चमध्ये तो गेला. उत्तर माहीत होते, जगातले उत्तम शास्त्रज्ञ उशाशी होते. कमी पडले ते ग्रॅम.

ते ग्रॅम कुठून आले? अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत मक्याचे स्टार्च काढताना उरणारा चिकट द्रव बुरशीला खाऊ घातल्यावर उत्पादन अनेक पटींनी वाढले. बाजारातल्या एका सडक्या खरबुजावर जास्त जोमदार बुरशी मिळाली. उथळ भांड्यांऐवजी प्रचंड टाक्या आल्या. त्यांत ढवळणारे पाते, निर्जंतुक हवेचा अखंड पुरवठा, तापमानावर पहारा. टाकीत एक परका जंतू शिरला तर सगळी खेप वाया. मग आम्ल करून, थंड ठेवून, द्रावकात खेचून घेण्याची घाई, कारण या अवस्थेत पेनिसिलिन झपाट्याने नासते. म्हणजे मक्याचे कारखाने, व्हॉल्व्ह, पंप, सील, शीतयंत्रणा आणि न चुकता वीज.

भारताने ही रांग मुळापासून उभी करायला घेतली ती पिंपरीत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. फ्लेमिंगच्या निरीक्षणापासून २७ वर्षे. ज्ञान छापील होते, यंत्रसामग्री मदतीतून येत होती, तरी माणसे शिकवून तयार करावी लागली. ती तयार झाल्यावर त्याच पिंपरीच्या प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार यांच्या चमूने हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध स्वतः शोधले. पहिल्या दिवशी आणलेले ज्ञान पाहुणे असते. दुसरे काही त्यातून निपजले, की ते घरचे झाले असे समजावे.

पुढे या पट्ट्यात मोटारींचे कारखाने आले तेव्हाही क्रम असाच राहिला. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांनी १९६६च्या सुमारास पिंपरीत आधी मशीन टूल्स, डाय आणि प्रशिक्षण यांचे विभाग उभे केले. गाड्या नंतर आल्या.

कल्याणच्या खाडीतले परके

आता उलट बाजूचे उदाहरण घेऊ. वेगळ्या तंत्राच्या जगातून आलेली माणसे समुद्रावरच्या लोकांत राहिली आणि अचानक निघून गेली, असे आपल्या इतिहासात खरेच घडले आहे.

शिवाजी महाराजांनी १६५७च्या अखेरीस कल्याण-भिवंडी घेतल्यावर तिथल्या खाडीत आरमाराच्या बांधणीला सुरुवात केली. रोख होता दंडा-राजपुरीच्या सिद्दीवर. या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज आणि त्याच्याबरोबरची माणसे होती. पोर्तुगीज कागदपत्रांत बायकामुलांसह हा आकडा सुमारे ३४० येतो. आपलीच माणसे शेजाऱ्याचे आरमार उभे करताहेत हे पाहून पोर्तुगीज अधिकारी धास्तावले. १६५९ मध्ये वसईच्या कप्तानामार्फत त्यांची समजूत घालण्यात आली आणि ही सारी मंडळी काम टाकून निघून गेली.

अँडरसनच्या कथेत जाणकार होता, पण भोवतालची साखळी नव्हती. कल्याणला साखळी होती आणि जाणकार गेले. परिणाम काय झाला? नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणजवळ कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः ८५ गलबते आणि ३ मोठी जहाजे घेऊन बसरूरच्या स्वारीवर गेले. तज्ज्ञ गेल्यावर सहा वर्षांच्या आत एवढे आरमार पाण्यावर होते.

हे शक्य झाले त्याचे कारण मला असे दिसते. सह्याद्रीतला साग जागेवर होता. काथ्या वळणारे, राळ उकळणारे, खिळे घडवणारे हात गावोगाव होते. कोळी आणि भंडारी पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाण्यावर वाढले होते. पोर्तुगीज सुतारांनी दाखवलेली एखादी नवी जोडणी या लोकांच्या हातात पडली, की ती ठेवायला त्यांच्याकडे जागा होती. शिकवणारा गेला तरी शिकलेले कुठे टांगायचे ती खुंटी घरात होती. आइसलंडच्या पाहुण्याला अशी खुंटी मिळाली नाही.

उलटा प्रवास

खरा काळप्रवास अजून कुणाला जमलेला नाही, पण त्याच्या सर्वांत जवळचे काम सध्या जहाजबांधणीत चालते. त्याची दिशा उलटी आहे. आजची माणसे जुन्या कारागिरांकडे विद्यार्थी म्हणून जातात.

डेन्मार्कच्या रोस्किल्ड खाडीत, स्कुल्डेलेव्हजवळ, १९६२ साली पाच वायकिंग जहाजांचे अवशेष काढण्यात आले. त्यांतल्या सुमारे ३० मीटर लांबीच्या युद्धनौकेचा जेमतेम चौथा हिस्सा शिल्लक होता. लाकडातल्या वर्षवलयांवरून कळले, की ते ओक १०४२ साली आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या परिसरात तोडले होते. रोस्किल्डच्या संग्रहालयाने कुऱ्हाड आणि पाचर वापरून तिची प्रत बांधली. २००७ साली सुमारे साठ जणांनी ती डब्लिनला नेली. वारा पडल्यामुळे उत्तर समुद्रात काही अंतर ती दुसऱ्या जहाजाने ओढून न्यावी लागली, आणि हेही त्यांनी लपवले नाही. हे काम जमले, कारण एकमेकींवर चढवलेल्या फळ्यांच्या होड्या बांधणारे लोक उत्तर युरोपात तुरळक का होईना, उरले होते. २०२१ साली युनेस्कोने ही परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

आपल्याकडे याहून अवघड प्रयोग झाला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पाचव्या शतकातले एक जहाज आहे. अवशेष नाहीत, आराखडा नाही, फक्त चित्र. २०२३ साली सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला आणि खिळ्याशिवाय, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून ते जहाज बांधण्यात आले. त्याच्या प्रतिकृतीच्या चाचण्या मद्रास आयआयटीत झाल्या. शिवण मात्र केरळचे पारंपरिक कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या मंडळींनी घातली. २१ मे २०२५ रोजी कारवारला 'कौंडिण्य' या नावाने ते नौदलात दाखल झाले आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून मस्कतच्या सफरीवर निघाले. दीड हजार वर्षांचे अंतर ओलांडले ते संगणकाने नव्हे; दोरी किती ओढायची हे बोटांना माहीत असलेली माणसे अजून आपल्यात होती म्हणून. बाबू शंकरन यांच्यासारखे हात पन्नास वर्षांपूर्वीच संपले असते, तर अजिंठ्याचे जहाज भिंतीवरच राहिले असते.

आमच्या टूलरूममधली गोष्ट

वर तीन पाटांची रीत सांगितली. ती कागदावर अर्ध्या पानात मावते. आमच्याकडे ती हाताने येणारे एक मास्तर होते. मशीनच्या स्लाइडवेवर निळा रंग लावून स्क्रेपरने एकेक उंचवटा उतरवायचे. ते निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. त्यांचे काम कुणी शिकून घेतले नव्हते, त्यात मीही आलो. वर्षभराने एका जुन्या ग्राइंडरचे स्लाइडवे झिजले. आम्ही तिघांनी पुस्तक समोर ठेवून आठ दिवस खरवडले आणि होते तेही बिघडवले. ऑस्पाकच्या लोहारशाळेतला पाहुणा त्या आठवड्यात आम्हीच होतो, आणि आम्हाला मागे पाठवायला वादळही लागले नव्हते.

शेवटी मास्तरांच्या घरी गेलो. ते हसले, रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "डोळ्याने बघू नकोस रे इतका. आवाज ऐक. धार गेली की आवाज बदलतो." पुस्तकात आवाजाविषयी एक ओळ नव्हती. पुढे मी दोन मुलांना ते शिकवले. दोघांपैकी एक आज चाकणला आहे.

कँटीनमधला प्रश्न आता कुणी काढला, तर मी त्यांना मागे जाऊ देत नाही. मी विचारतो, तुझ्या खात्यात असे कोणते काम आहे, जे एकाच माणसाला येते? उत्तर बहुतेक वेळा लगेच मिळते, नावानिशी. मग मी दुसरा प्रश्न विचारतो, की त्यांच्या निवृत्तीला किती दिवस उरलेत.